दुसऱ्या बाजीरावाची साठी

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात 2004 पासून लोक अगदी मजेत मरत आले आहेत. मेलं की भूत होऊन जवळच्या स्मशानात उभं राहायचं, तिथून धावत आपल्या प्रेतापाशी यायचं, त्यात शिरायचं आणि जिथे मार खाल्ला तिथेच पुन्हा मार खायला सज्ज व्हायचं. दंड काय, तर थोडी पायपीट आणि चिलखताच्या डागडुजीचे चार पैसे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा इथे एका सुट्टीत उरकता येई.

पुढे काही खेळाडूंना या अमरत्वाचा कंटाळा आला. एकाच जन्मात खेळायचं आणि मेलं की पात्र आपल्या हाताने पुसून टाकायचं, असा नेम त्यांनी आपापसात धरला. कल्पना तशी जुनी. 1980 च्या ‘रोग’ या खेळातही मेलात की साठवलेला डाव पुसला जाई. ब्लिझार्ड कंपनीने लोकांचा हा कडक उपास पाहिला आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्यासाठी ‘हार्डकोअर’ नावाचे वेगळे सर्व्हर उघडले. इथे मेलेल्याचं भूत होतं, ते गप्पा मारू शकतं, आपल्याला कोणामुळे मरावं लागलं हे चारचौघांत सांगू शकतं, फुकटात साध्या सर्व्हरवर बदलीही करून घेऊ शकतं. पण हार्डकोअरवर पुन्हा देह मिळत नाही. नेट तुटलं किंवा सर्व्हर अडखळला म्हणून मेलात, तरी अर्ज-विनंत्या चालणार नाहीत, हे कंपनीने आधीच सांगून टाकलं.

माझा नाशिकचा भाचा या सर्व्हरवर उतरला तेव्हा त्याच्या पात्राचं नाव होतं बाजीराव. मानव वंशाचा योद्धा, मानेपेक्षा दंड जाड, दोन्ही हातांनी पेलायची तलवार. दहाव्या पातळीवर असताना हा गडी एल्विनच्या जंगलात हॉगर नावाच्या तरसतोंड्या गुंडापुढे एकटा जाऊन उभा राहिला. हॉगर अकराव्या पातळीचा असला तरी ‘एलीट’ आहे, म्हणजे चारपाच जणांनी मिळून हाणायचं प्रकरण. इतिहासातला थोरला बाजीराव एकही लढाई न हरता 1740 साली नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने गेला. आमचा पहिल्याच मोठ्या लढाईत गेला. खेळात मृत्युवार्तांचं एक चॅनेल असतं, त्यावर लगेच निधन जाहीर झालं: कोण गेलं, कितव्या पातळीवर, कुठे आणि कोणाच्या हातून. खाली दोन अनोळखी लोकांनी सलाम ठोकला आणि एकाने हसण्याचं चिन्ह टाकलं.

नवं पात्र करताना नावाची अडचण आली. या खेळात नावात आकडे चालत नाहीत, आणि रोमन लिपीतली बाराच अक्षरं मिळतात. भाच्याने ‘बाजीरावदोन’ असं टाईप केलं. मी पाठीमागे कॉटवर बसलो होतो. म्हटलं, “अरे, दुसरा बाजीराव म्हणजे पळपुटा!”

“मामा,” तो मान न वळवता म्हणाला, “तोच तर हवाय.”

या एका वाक्यात हार्डकोअर खेळाचं सगळं शास्त्र आलं. टिकाऊ पात्र म्हटलं की नवख्याच्या डोळ्यांपुढे पत्र्याचं चिलखत, ढाल आणि भरपूर रक्त येतं. तो हिशेब खोटा नाही. स्टॅमिनाचा एक गुण वाढला की दहा रक्तबिंदू वाढतात, त्यामुळे शहाणा माणूस तलवारीची धार बघण्याआधी पट्ट्यावरचा स्टॅमिना बघतो. पण रक्त वाढलं म्हणजे फक्त मरायला वेळ जास्त लागतो. त्या जास्तीच्या वेळात काय करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि योद्ध्याकडे त्याचं उत्तर जवळजवळ नसतं. तो पोलादात मढलेला असतो, पण त्याला पळता येत नाही. उलट शत्रूच्या अंगावर झेप घेण्याची कला त्याला अगदी सुरुवातीलाच शिकवतात. जायची सोय आहे, यायची नाही. म्हणून दिसायला सगळ्यात दणकट असलेला हा वर्ग सुरुवातीच्या पातळ्यांवर माश्यांसारखा मरतो.

आणि पळणं हे वाटतं तितकं सोपं नाही. या खेळात पाठ दाखवून पळताना मागून फटका बसला तर माणूस भेलकांडतो आणि चिखलातून चालल्यासारखा मंद होतो. म्हणजे पळायचं तर फटका बसण्याआधी, डाव अजून आपल्या बाजूने आहे असं वाटत असताना पळायला हवं. दादापुता करून भांडण मिटतंय का बघू, असं इथे नाही. त्यामुळे खरा टिकाऊ खेळाडू लढाईला सुरुवात करण्यापूर्वी वाट बघून ठेवतो. भाच्याने तर नियमच केला होता: गुहेत शिरण्याआधी आपण ती सोडून जाणार आहोत असं धरून चालायचं. गुहेतला धोका पुढून येत नाही. तुम्ही पुढे मारत जाता तसे मागे मेलेले पुन्हा उगवत असतात, आणि परतीच्या वाटेवर सगळं गाव उभं असतं.

तर दुसरा बाजीराव झाला बुटका ‘ड्वार्फ’, वर्गाने शिकारी. ड्वार्फ अशासाठी, की गरज पडली तर तो आठ सेकंद अंग दगडासारखं करतो आणि विष, रोग, वाहतं रक्त सगळं झटकून टाकतो. शिकारी अशासाठी, की दहाव्या पातळीपासून त्याला एक जनावर पाळता येतं. बाजीरावाने अस्वल पाळलं. मार अस्वलाने खायचा, बाण बाजीरावाने लांबून सोडायचे. अस्वल मेलं तर मंत्र म्हणून परत उठवायचं. मालकाला एकच जन्म आणि नोकराला हवे तेवढे, ही व्यवस्था मला जरा ओळखीची वाटली, पण मी काही बोललो नाही. तिसाव्या पातळीवर शिकाऱ्याला जी विद्या मिळते तिच्यासाठी तर लोक हा वर्ग निवडतात: मेल्याचं सोंग. आडवं पडायचं, शत्रू तुम्हाला मेलेलं समजून निघून जातो, तुम्ही उठून कपडे झटकायचे. सोंग कधी कधी वठत नाही, पण बहुतेक वेळा वठतं. ज्या खेळात खरं मरण एकदाच आहे, तिथे खोटं मरण दिवसातून दहा वेळा मरायला मिळणं ही केवढी चैन!

प्रत्येक वर्गाकडे असं काहीतरी असतं आणि जाणकार वर्गाची किंमत त्यावरून करतात. चोर बाविसाव्या पातळीवर धुरात अदृश्य होतो. जादूगार शत्रूचे पाय बर्फात गोठवतो आणि क्षणात वीस पावलं पुढे उमटतो. पॅलाडिनकडे चौतिसाव्या पातळीवर अभेद्य बुडबुडा येतो. हार्डकोअरच्या आधी पॅलाडिन बुडबुड्यात शिरायचा आणि आत निवांत बसून घरी नेणारा दगड वापरून थेट खानावळीत प्रकट व्हायचा. या थोर परंपरेला इतर खेळाडू इतके हसले, की हार्डकोअरवर कंपनीने ती युक्तीच बंद केली. पैसेवाल्यांसाठी ‘फ्लास्क ऑफ पेट्रिफिकेशन’ नावाची बाटली आहे. ती प्यायली की माणूस एक मिनिट दगड होतो. हलता येत नाही आणि कोणाला त्याचं काही वाकडंही करता येत नाही. तेवढ्यात खेळातून बाहेर पडायचं. राक्षस दगडावर दात घासत बसतो, तोवर आपण स्वयंपाकघरात चहा टाकलेला असतो.

दुसऱ्या बाजीरावाची दिनचर्या बघणं हा मात्र सहनशक्तीचा कस होता. शत्रूच्या पातळीचा आकडा लाल असेल तर तो तुमच्यापेक्षा बराच वरचा, नारिंगी असेल तर जड, पिवळा म्हणजे बरोबरीचा, हिरवा म्हणजे खालचा. करड्याला मारून काहीच मिळत नाही. साहसी माणूस पिवळ्या-नारिंगी मुलखात राहतो. बाजीराव हिरव्यात राहिला. ड्रॅगन, पिशाच्च, भग्न किल्ले असा सगळा पसारा समोर असताना आमचा वीर तास न् तास रानडुकरं मारी, आणि तीही त्याच्यापेक्षा तीन पातळ्या खालची. एक डुक्कर मारलं की थांबून पट्टी बांधी. ती पट्टी सहा ते आठ सेकंद चालते आणि मधे धक्का लागला तर फुकट जाते, म्हणून आधी चौफेर बघून घेई. मग खाली बसून पाव खाई, रक्त पुरं भरेपर्यंत उठत नसे. पिशवीत रक्त भरणारी औषधं. ती दोन मिनिटांत एकदाच चालतात, म्हणून घड्याळावर नजर. वेग वाढवणारं औषध वेगळ्या कप्प्यात. शत्रूला चकवायला यंत्रशाळेतून आणलेला एक लाकडी बाहुला. लूट ठेवायला जागा नाही, कारण सगळी जागा सुटकेच्या सामानाने भरलेली. चार दिवसांच्या देवदर्शनाला निघालेल्या माझ्या आईची बॅग अशीच असायची: साडी एक, औषधं अकरा.

“कधी लढणार आहेस का रे?” मी एकदा न राहवून विचारलं.

“लढतोय की,” तो म्हणाला आणि पाव खायला बसला.

त्याची खरी परीक्षा डस्कवूडच्या रस्त्यावर झाली. त्या अंधाऱ्या मुलखात एक म्हातारा संन्यासी लोकांना बारीकसारीक कामं सांगतो, आणि ती कुणी पूर्ण केली की मढ्यांच्या तुकड्यांचा शिवलेला स्टिचेस नावाचा राक्षस तिथून निघून गावाच्या दिशेने चालू लागतो. पस्तिसाव्या पातळीचा, एलीट. मजा अशी, की काम करणारा एक आणि रस्त्यात सापडणारा भलताच. बाजीराव तेव्हा सत्ताविसाव्या पातळीवर, सोंग शिकायला अजून तीन बाकी. तो रस्त्याच्या कडेने चालला होता. वळणावरून काहीतरी अगडबंब हलत येताना दिसलं. नाव अजून वाचता येत नव्हतं. “पळ!” मी ओरडलो, पण हा आधीच वळला होता. अस्वल मागे सोडलं, चित्त्याची चाल अंगात आणली आणि घोड्यालाही लाजवेल अशा वेगाने कुरणातून सुटला. चित्त्याच्या चालीत एक फटका बसला तरी भेलकांडायला होतं, म्हणून रस्ता सोडून, लांडगे चुकवत, ओढा ओलांडून. मागे अस्वलाचं जे व्हायचं ते झालं. ओढ्यापलीकडे थांबून त्याने अस्वलाला उठवलं आणि मासा खायला दिला. मला त्या क्षणी 1802 सालचं पुणं आठवलं: हडपसरला होळकर जिंकल्याची बातमी येताच खऱ्या दुसऱ्या बाजीरावाने शहर सोडलं आणि शेवटी वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला.

या खेळात माणसं कोण मारतं याची यादी वाचली की दैत्य-ड्रॅगन नावालाच आहेत असं वाटू लागतं. वेस्टफॉलच्या शेतात तोंडाला लाल फडकं बांधलेले साधे दरोडेखोर दुरून आगीचे गोळे टाकतात, तेच सगळ्यात घातक. अमेरिकेतल्या एका हार्डकोअर सर्व्हरचं नावच ‘डेफियास पिलेजर’ ठेवलं आहे, म्हणजे हा दरोडेखोर. युरोपातल्या एकाचं नाव ‘स्टिचेस’. मारेकऱ्याच्या नावाने अख्खी वसाहत वसवणं यात मला एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. उन्गोरोच्या खोऱ्यात दुमजली घराएवढा डायनासोर आवाज न करता पाठीमागे येऊन उभा राहतो. कसा, ते कोणालाच कळलेलं नाही. आणि थंडर ब्लफ! उंच पठारावरचं हे सुंदर शहर, तिथे चढायला लाकडी लिफ्ट. लिफ्ट वर आली आहे असं समजून लोक पाऊल टाकतात आणि खाली जातात. चाळीस-चाळीस पातळ्या राक्षसांना पुरून उरलेले वीर तिथे लिफ्टने गेले आहेत. आपल्या सोसायट्यांत लिफ्टच्या दारावर जी पाटी असते, आत पाऊल टाकण्यापूर्वी लिफ्ट मजल्यावर आहे याची खात्री करून घ्या, ती वाचायला लावूनच मुलांना हा खेळ द्यावा.

पण भाच्याच्या मते सर्वांत मोठा शत्रू खेळात नसतोच, तो घरात असतो. हा खेळ थांबवता येत नाही. बाहेर पडायचं तर खाली बसून वीस सेकंद काढावे लागतात, आणि लढाई चालू असेल तर तेही नाही. नेट गेलं तर पात्र काही क्षण तसंच उभं राहून मार खात राहतं. म्हणून या मुलाने टिकाऊ पात्राची बांधणी राउटरपासून सुरू केली. राउटरला छोटा यूपीएस, कॉम्प्युटरला मोठा, शिवाय मोबाइलचं नेट तयार. एकदा दिवे गेले तेव्हा अख्ख्या इमारतीत फक्त एका ड्वार्फच्या तोंडावर उजेड होता. त्यावर उपाय सापडला, पण ताईवर सापडला नाही.

“भाकरी गार होतेय.”

“आई, दोन मिनिटं.”

“पॉज कर आणि ये.”

“पॉज होत नाही आई यात!”

“मग असला कसला खेळ तुमचा? आमच्या वेळी सारीपाटसुद्धा थांबायचा.” आणि ताईने पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर तीन हिरवे दरोडेखोर. बाजीरावाने सोंग घेतलं आणि आडवा झाला. ताईने पडद्याकडे बघितलं, म्हणाली, “मेला ना? चल मग.”

कंपनीच्या ‘अर्ज चालणार नाहीत’ या बाण्यालाही एकदा मुरड घालावी लागली. मार्च 2025 मध्ये ‘ओन्लीफँग्ज’ या नामवंत स्ट्रीमरांच्या, म्हणजे आपला खेळ नेटवर थेट दाखवणाऱ्यांच्या, गिल्डवर (संघावर), ते मोठ्या मोहिमेत असताना, कोणीतरी मुद्दाम सर्व्हर बंद पाडणारे सायबर हल्ले केले आणि एकाच झटक्यात बरेच वीर गतप्राण झाले. अशा हल्ल्यात मेलेल्यांना जिवंत करू, असं कंपनीने जाहीर केलं. दरोडेखोराने मारलं तर मेलात, हॅकरने मारलं तर अपील आहे.

हमखास अमर पात्र बनवणंही किती अवघड आहे याचा दाखला या खेळाहून जुना आहे. ऑगस्ट 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ची चाचणी चालू होती. त्या जगाचा राजा लॉर्ड ब्रिटिश म्हणजे खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः. राजा प्रजेला दर्शन द्यायला बाहेर आला. त्याला काही होऊ शकत नाही, अशी सोय अर्थातच होती; फक्त सर्व्हर मधे पडून पुन्हा सुरू झाला होता आणि ती सोय पुन्हा चालू करायची राहून गेली होती. प्रजेतल्या एकाने कुतूहल म्हणून राजाच्या पायाशी आगीचा मंत्र टाकला आणि विश्वाचा निर्माता सर्वांसमक्ष जळून मेला. मग राजाच्या माणसांनी दैत्य सोडून जमलेल्या प्रजेचाच फडशा पाडला. चाचणीचा खरा निकाल तोच.

पळण्याच्या या शास्त्रात एक काटा मात्र आहे. एकटा असताना पळणं हे शहाणपण. पाच जणांच्या टोळीत असताना पळणं म्हणजे उरलेल्या चौघांचं काय? हार्डकोअरवर अशा पळणाऱ्याला झुरळ म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये डायर मॉल नावाच्या अंधारकोठडीत एका प्रसिद्ध स्ट्रीमरचा डाव बिघडला, त्याचा जादूगार निसटला, सोबतचे दोघे मेले. त्याला ओन्लीफँग्जमधून काढलं आणि पुढे कित्येक आठवडे हजारो लोकांनी त्या काही सेकंदांचं चित्रीकरण मागे-पुढे करून, त्याच्याकडे किती मंत्रशक्ती शिल्लक होती, कोणता मंत्र टाकता आला असता, यावर वाद घातला. पानिपतावर आपण गेली अडीचशे वर्षं जे करतो तेच, फक्त इथे व्हिडिओ उपलब्ध होता. माझं मत विचाराल तर मी पळणाऱ्याच्या बाजूचा नाही, पण त्याला दोष देणाऱ्यांपैकी किती जण पिशवीत ती दगड करणारी बाटली बाळगून होते, हे मला बघायला आवडेल. भाच्याने या प्रश्नाचं उत्तर आपल्या पद्धतीने काढलं. तो टोळीत गेलाच नाही. कोणी बोलावलं तर पिशवीत जागा नाही म्हणून सांगायचा.

असा हळूहळू, डुकरामागून डुक्कर मारत, दुसरा बाजीराव साठाव्या पातळीला पोचला. साठ ही शेवटची पातळी. आता पुढे काय? चाळीस जणांची फौज घेऊन मोठ्या राक्षसांवर चालून जायचं असतं, पण तिथे मरण हमखास दबा धरून असतं, आणि चाळिसांतला एक जण जरी चुकला तरी बाकीच्यांच्या जिवावर बेततं. एवढ्या जपून वाढवलेला देह असा उधळायचा? दुसऱ्या बाजीरावाने 1818 मध्ये इंग्रजांपुढे शस्त्र ठेवलं आणि वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. तेहतीस वर्षं, 1851 पर्यंत, कंपनी सरकार ती पेन्शन भरत होतं. आपला हा बाजीराव सध्या आयर्नफोर्ज या ड्वार्फ मंडळींच्या राजधानीत असतो. लोक येतात, साठ आकडा बघून वाकून सलाम करतात, नवशिके युक्त्या विचारतात. हा डोंगराच्या पोटातल्या एका काळोख्या तळ्याकाठी गळ टाकून बसलेला असतो. अस्वल शेजारी.

आता मलाही लोक विचारू लागले आहेत, मामा, कोणतं पात्र घेऊ? वंश-वर्ग तुम्हाला हवा तो घ्या. पहिल्याच दिवशी पट्टी बांधायला शिका, स्टॅमिना बघून कपडे घाला, हिरव्यात राहा, राउटरला यूपीएस लावा. आणि जेवणाची हाक मारायची असेल तर ती अर्धा तास आधी मारावी, एवढं घरात आजच सांगून ठेवा.